पुण्यात शिकायला येताय? राहण्या-खाण्याचा खर्च आणि स्कॉलरशिप, दोन्हीचं गणित आधी लावून घ्या

कॅप राउंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) पुण्यातलं कॉलेज लागतं, घरचे खूश होतात, स्टेटस पडतात, आणि दोनच दिवसांनी सगळे गप्प होतात, कारण फीचा आकडा कळलेला असतो पण राहायचं-खायचं किती लागेल हे घरात कोणालाच नीट माहीत नसतं. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यातली पोरं-पोरी फॉर्म भरायला माझ्याकडे येतात, मी पुण्यातच इंजिनिअरिंग केलं म्हणून, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच असतात. तेच इथे एकदा क्रमाने लिहून टाकतो. उदाहरण पुण्याचं आहे पण नाशिक, संभाजीनगर, नागपूरला जाणाऱ्यांनाही आकडे सोडले तर बाकी सगळं तसंच लागू होईल.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभंय. स्कॉलरशिपचे पैसे म्हणजे वरातीमागून घोडं. फॉर्म भरला ऑगस्टमध्ये तर पैसे मार्चमध्ये येतील, जूनमध्ये येतील, कधी कधी तुम्ही पुढच्या वर्षात गेल्यावर येतील. त्यामुळे फॉर्म असा भरायचा की एक रुपया सुटला नाही पाहिजे, आणि महिना असा चालवायचा की जणू ते पैसे येणारच नाहीयेत. "स्कॉलरशिप येईल की" म्हणून मोठी रूम घेणारे ऑक्टोबरमध्ये उसनवारीवर येतात, हे मी दरवर्षी बघतो.

पायरी १: गाव सोडायच्या आधी कागद

पुण्यात आल्यावर कागदासाठी गावाला परत जायचं म्हणजे जाण्या-येण्याचं तिकीट, दोन लेक्चर बुडवायची आणि वर तलाठी आप्पा नेमके त्या दिवशी मीटिंगला. म्हणून ॲडमिशनच्या धावपळीतच हे उरका.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सगळ्यात आधी. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो हे लक्षात ठेवा, म्हणजे फेब्रुवारीत काढलेला दाखला घेऊन जुलैत फॉर्म भरायला बसलात तर तो बाद. सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात देताना तीन वर्षांचा मिळत असेल तर तो मागा. मग डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी (व्हॅलिडिटी), ओबीसी वगैरे असाल तर नॉन क्रीमीलेयर, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या मार्कशीट, लिव्हिंग, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. शेती कमी असेल तर अल्पभूधारकाचा दाखला पण काढून ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगतो. कॉलेजला ओरिजिनल जमा करायच्या आधी सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये आणि स्वतःच्या मेलवर, दोन्हीकडे ठेवा. महाडीबीटीवर (राज्याच्या स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचं सरकारी पोर्टल) फाईल २५६ केबीच्या आत लागते त्यामुळे स्कॅनच्या दोन कॉप्या करा, एक मोठी स्वच्छ आणि एक बारीक केलेली.

आणि नाव. आधारवर "ज्ञानेश्वर", मार्कशीटवर "न्यानेश्वर", बँकेत वडिलांचं नाव मधे नाहीच, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. स्पेलिंगच्या एका अक्षरावरून फॉर्म परत आलेले पाहिलेत. आधारला जो मोबाईल नंबर लिंक आहे तो चालू पाहिजे आणि तुमच्याच हातात पाहिजे, काकांचा नंबर लिंक असला की काका शेतात आणि ओटीपीला दहाच मिनिटं, मग बसा फोन लावत.

पायरी २: बँक खातं, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत जमा होणारे, पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतात असा सगळ्यांचा समज असतो, पण ते येतात आधारला जे खातं मॅप (जोडलेलं) असतं तिथे. आणि आधारला एका वेळी एकच खातं मॅप राहतं, जे सगळ्यात शेवटी जोडलं ते. आता होतं काय, पोरगा सिमकार्ड घ्यायला मोबाईलच्या दुकानात जातो, दुकानदार म्हणतो अंगठा लाव, त्यात एक पेमेंट बँकेचं खातं उघडून जातं आणि आधार तिकडे मॅप होतं. वर्षभराने स्कॉलरशिप "क्रेडिटेड" दिसते आणि पासबुकात काहीच नाही. पैसे बुडत नाहीत, पण ते खातं शोधून काढेपर्यंत नाकी नऊ येतात.

म्हणून आधारच्या साइटवर लॉगिन करा, तिथे बँक सीडिंग स्टेटस असं दिसतं, कोणती बँक लिंक आहे आणि ती ॲक्टिव्ह आहे का ते बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. चुकीची असेल तर आपल्या हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा, नुसतं केवायसी करून येऊ नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, काउंटरवर "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचंय" असं स्पष्ट बोला. शाळेत असताना उघडलेलं मायनर खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर ते मेजर करून घ्या, त्याच्यावर लिमिट असतं आणि मोठी रक्कम अडकते.

जमलं तर दोन खाती ठेवा. एक डीबीटीचं, ज्याला यूपीआय जोडायचंच नाही. दुसरं रोजच्या खर्चाचं झिरो बॅलन्सचं, त्यात दर सोमवारी आठवड्याचे पैसे टाकायचे आणि तेवढेच वापरायचे. खर्चाची वही लिहा असं सगळे सांगतात, मी पण सांगितलं असतं, पण ती दहा दिवसांवर कोणी लिहीत नाही. आठवड्याचं खातं गुरुवारी रिकामं झालं की आपोआप कळतं.

पायरी ३: महिन्याचा खरा आकडा काढा

नऱ्हे-आंबेगाव, धनकवडी, कात्रज, आकुर्डी अशा भागात कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) तिघं-चौघं मिळून राहणाऱ्या पोराचा साधारण महिना असा जातो: रूम ३,५००, मेस ३,२००, लाईट आणि वायफायचा वाटा ४००, बस-मेट्रो ६००, चहा-नाश्ता ९००, रिचार्ज ३००, झेरॉक्स-प्रिंट-जर्नल ३००, साबण-तेल-धुणं ३००, औषधपाणी आणि इतर ५००. बरोबर दहा हजार. सदाशिव, नारायण पेठेत किंवा कोथरूड, डेक्कनला रूम घेतली की हाच आकडा दीड-दोन हजाराने वर जातो, पण कॉलेज तिथेच असेल तर बसचे पैसे आणि रोजचे दोन तास वाचतात, तेव्हा नुसतं भाडं बघून लांब जाऊ नका.

पहिला महिना मात्र वेगळा. दोन महिन्यांचं डिपॉझिट, गादी, बादली, ड्राफ्टर, ॲप्रन, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड, आणि पहिल्या आठवड्यात मेस लागेपर्यंत बाहेरचं खाणं. हा महिना वीस हजाराच्या आसपास जातो. घरच्यांना हे आधी सांगा, नायतर पहिल्याच महिन्यात "एवढे कुठे उडवले" यावरून फोनवर भांडणं.

चहा-नाश्त्याचे ९०० म्हणजे दिवसाला तीस रुपये झाले बरं का, एक चहा आणि एक वडापाव, संपले. मित्रांबरोबर बसलं की टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) करायला लाजू नका, पुण्यात कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

पायरी ४: रूम आणि मेस

राहायचा क्रम असा लावा: आधी सरकारी वसतिगृह, मग कॉलेजचं हॉस्टेल, मग संस्थांची वसतिगृहं, आणि सगळ्यात शेवटी कॉट बेसिस. लोक उलटं करतात, आल्या दिवशी ब्रोकर गाठतात.

समाजकल्याणचं मागासवर्गीय मुला-मुलींचं शासकीय वसतिगृह, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, ओबीसींसाठी निघालेली नवीन वसतिगृहं, यांचे अर्ज ऑनलाइन असतात आणि मेरिटवर नंबर लागतो. नंबर लागणार नाही असं वाटलं तरी अर्ज टाकाच, का ते पुढच्या पायरीत येतंय. संस्थांमध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडून येणाऱ्या गरजू मुला-मुलींसाठी वसतिगृहं चालवते, सेनापती बापट रोडला त्यांचं लजपतराय भवन आहे. तिथे घरची परिस्थिती आणि मुलाखत बघून प्रवेश देतात, स्वतःची कामं स्वतः करावी लागतात, नियम कडक आहेत, पण बाहेर लागतात त्याच्या कितीतरी कमी पैशात राहणं-जेवण होतं. बऱ्याच समाजांची पण पुण्यात बोर्डिंगं आहेत, गावातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारा, बहुतेक त्याने स्वतः तिथेच दिवस काढलेले असतात.

कॉट बेसिस घ्यायचीच वेळ आली तर टोकन द्यायच्या आधी चार गोष्टी विचारा. डिपॉझिटमधून सोडताना काय कापणार (पेंटिंगच्या नावाखाली अख्खा महिना कापणारे आहेत), नोटीस किती दिवसांची, लाईट बिल मीटरवर की डोक्यामागे, आणि मे-जूनच्या सुट्टीत भाडं पूर्ण की अर्धं. हे शेवटचं कोणी विचारत नाही आणि वर्षाला दोन महिन्यांचं भाडं फुकट जातं. जमलं तर लिव्ह अँड लायसन्स करार करून घ्या, काही योजनांना राहण्याचा पुरावा लागतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. पैसे देताना यूपीआयने द्या आणि नोटमध्ये "डिपॉझिट" असं लिहा.

आता मेस. मेसवाले पूर्ण महिन्याचे पैसे घेतात, म्हणजे ६० वेळा. ३,२०० ला ६० ने भागलं तर एक ताट ५३ रुपयांना पडतं, स्वस्त वाटतं. पण तुम्ही महिन्यातून दोनदा गावाला जाता, एखाद-दोन वेळा मित्राच्या रूमवर खिचडी होते, रविवारी फीस्ट एकच वेळ असते आणि संध्याकाळी मेस बंद, असं करत करत प्रत्यक्षात ४५ वेळाच जेवता, की तेच ताट ७१ रुपयांना गेलं. म्हणून मेस लावताना चव नंतर बघा, आधी खाड्याचा (न जेवलेल्या दिवसांचा) नियम विचारा. किती दिवस सलग गेलं तर खाडा धरतात, आदल्या दिवशी सांगायचं की त्याच दिवशी चालतं, आणि खाडे पुढच्या महिन्यात वळते करतात का. "खाडा नाही" असं ज्या मेसमध्ये पाटीच लावलीये तिथे दर शनिवारी गावाला जाणाऱ्याने लावूच नये, त्याने कुपनचं कार्ड घ्यावं, संपेपर्यंत चालणारं. पहिला महिना पूर्ण भरू नका, आठवडाभर रोखीत जेवून बघा, सोमवारची भाजी कशी आहे त्यावरून मेस कळते, फीस्टच्या दिवशी सगळ्याच चांगल्या असतात.

रूमवर स्वयंपाक करायचा असेल तर मालकाला विचारून ५ किलोचा छोटू सिलेंडर घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. तिघं असाल तर सकाळी पोहे-उपमा रूमवर आणि जेवण मेसला, हे सगळ्यात बरं पडतं. दोन्ही वेळ स्वयंपाक करू म्हणणारे सबमिशनच्या आठवड्यात मॅगीवर येतात आणि मग बाहेरून मागवतात, त्यात उलट जास्त जातात.

पायरी ५: सरकारी योजना, कोणाला काय

इथे थोडा वेळ द्या, कारण खरे पैसे इथे आहेत. बहुतेक सगळं महाडीबीटी पोर्टलवर.

फीसाठी: ओपनमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे अजून ईबीसीच म्हणतात, त्यात व्यावसायिक कोर्सची निम्मी ट्यूशन फी मिळते, कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या जीआरने (शासन निर्णयाने) मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोटा, खासगी अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठ यात बसत नाही. हे ॲडमिशनच्या आधी कळायला हवं, कारण फॉर्म भरताना "चांगलं नाव आहे" म्हणून खासगी अभिमत विद्यापीठ निवडलं की ही सगळी माफी गेली. एससी-एसटीला भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि त्याच्या वर असेल तर फ्रीशिप (फी माफी).

राहण्या-खाण्यासाठीच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्याच सगळ्यात जास्त सुटतात. एससी आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना: पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,०००, म्हणजे जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. मेडिकल-इंजिनिअरिंगवाल्यांना पुस्तकांसाठी वर ५,०००. इतर महापालिका शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि अट अशी की शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नसावा. म्हणूनच म्हटलं वसतिगृहाचा अर्ज टाका, नंबर लागला तर सोनं, नाही लागला तर स्वाधार. आदिवासी मुलांसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, आणि ओबीसी, भटके विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या आधार योजनेत जिल्हावार जागा ठरलेल्या असल्याने मार्कांवर यादी लागते, उशिरा अर्ज म्हणजे गेला.

मराठा आणि ओपनवाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आधी सांगितलेला अल्पभूधारकाचा दाखला इथे लागतो, त्याने किंवा वडील नोंदणीकृत मजूर असतील तर जास्त रक्कम मिळते. हॉस्टेलला किंवा भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. वरच्या दहा हजाराच्या महिन्यातला निम्मा भार उतरतो. पण हजेरीची अट असते बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची, आणि इथे प्रॉक्सी चालत नाही कारण कॉलेजचा दाखला लागतो.

या योजनांना शाहू महाराजांचं, पंजाबरावांचं नाव उगाच नाही. पूर्वी पुण्यात गरीब पोरं वार लावून जेवायची, सात घरी सात दिवस, पण ती सोय ठरावीक जातीच्याच मुलांना होती. बाकीच्यांसाठी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून बोर्डिंगं निघाली आणि साताऱ्यात १९२४ ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातीच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. तेव्हा फॉर्म भरताना "फुकटचं घेतोय" असं वाटून घ्यायची काही गरज नाही.

पायरी ६: केंद्राचे आणि कंपन्यांचे फॉर्म

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर सेंट्रल सेक्टर स्कीम आहे, बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीला वर्षाला १२,००० आणि पुढे पीजीला २०,०००. दुसरी स्कॉलरशिप घेत असाल तर ही घेता येत नाही, तेव्हा कोणती मोठी ते आधी बघा. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती स्कॉलरशिप मुलींसाठी, टेक्निकल डिग्री-डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन असेल तर वर्षाला ५०,०००, घरटी दोन मुली, उत्पन्न ८ लाखांच्या आत. अपंग विद्यार्थ्यांसाठी सक्षम, आणि आई-वडील दोन्ही नसलेल्यांसाठी स्वनाथ.

कंपन्यांच्या सीएसआर (समाजकार्याच्या निधीतल्या) स्कॉलरशिप विद्यासारथी पोर्टलवर एकत्र सापडतात. रिलायन्स फाउंडेशनची पदवीच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्यांसाठी असते, पूर्ण कोर्समध्ये मिळून २ लाखांपर्यंत, पण तिला ॲप्टिट्यूड टेस्ट आहे, ती झोपेत देऊ नका. यातल्या बहुतेकांना एक छोटा निबंध लागतो, स्वतःबद्दल. तिथे "लहानपणापासून माझे स्वप्न होते" असं लिहू नका. वडिलांची किती एकर शेती, पाणी आहे का नाही, घरात शिकणारे किती, महिन्याला किती कमी पडतात, हे आकड्यात लिहा. वाचणाऱ्यापुढे हजार फॉर्म असतात, त्याला आकडा लक्षात राहतो.

कोणतीही खरी स्कॉलरशिप फॉर्मची फी घेत नाही. घेतली की बंद करा टॅब.

पायरी ७: फॉर्म भरून झाला म्हणजे झालं नाही

महाडीबीटीवर सबमिट केल्यावर फॉर्म आधी तुमच्या कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. अडतो तो जास्त करून पहिल्याच टेबलवर. कॉलेजचा स्कॉलरशिप सेक्शन कुठे आहे, क्लार्क कोण, कधी बसतात हे पहिल्या आठवड्यात शोधा, हार्डकॉपी लागत असेल तर त्याच आठवड्यात द्या आणि पोचवर सही-शिक्का घ्या. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघा. "सेंड बॅक" दिसलं तर घाबरू नका, कारण लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा दाखला अस्पष्ट किंवा मार्क चुकलेले. पण ते दुरुस्त करून परत पाठवायला मुदत असते आणि त्याचा मेसेज येईलच असं नाही. मुदतवाढ मिळते म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघणारे खूप आहेत, शेवटच्या दोन दिवसांत साइट चालत नाही हे ज्याने एकदा भोगलंय तोच सांगेल.

क्लार्कशी भांडून काही होत नाही. त्यांच्याकडे पाचशे फॉर्म असतात. "सर, माझा अमुक नंबर, एवढं बघता का" म्हणून नंबर कागदावर लिहून द्या, काम होतं.

पायरी ८: कमवा आणि शिका, बाकी पार्टटाइम

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना असते. लायब्ररी, लॅब, ऑफिस, बाग, असं दिवसाला दोन-तीन तासांचं काम, तासावर मानधन. कॉलेजमध्ये विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक असतात, त्यांच्याकडे फॉर्म मिळतो, जागा कमी असतात म्हणून जुलैमध्येच गाठा. मी लायब्ररीत होतो. पुस्तकं लावायची, बारकोड चिकटवायचे, आणि काम संपलं की तिथेच बसून अभ्यास. पैसे फार नाहीत, मेसचा थोडा भाग निघतो, पण सेमिस्टरची पुस्तकं सगळ्यात आधी माझ्या हाताला लागायची, तो फायदा कुठे लिहिलेला नसतो.

बाहेरचं काम करायचं तर आठवी-दहावीच्या ट्यूशन सगळ्यात बऱ्या, वेळ आपल्या हातात राहते. डिलिव्हरीत पैसे दिसतात पण गाडीचा मेंटेनन्स, पेट्रोल आणि पावसातलं आजारपण धरलं की हातात काय उरतं ते दोन आठवडे करून बघा मग ठरवा. डेटा एंट्रीसाठी आधी रजिस्ट्रेशन फी मागणारे, टेलिग्रामवर टास्क देणारे, हे सगळे चोर. आणि एक गोष्ट अजिबात करू नका: कोणी म्हणालं की "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो" तर तिथून निघून या. ते फसवणुकीचे पैसे फिरवायला असतं, खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात, ज्याने पैसे दिले तो सापडत नाही. मित्र असला तरी नाही.

पायरी ९: छोट्या सवलती

एसटीत मुलींना-महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गावाला जाताना खासगी ट्रॅव्हल्सचा मोह टाळा. मुलांनी रेल्वेचं बघावं, सुट्टीत घरी जायला कॉलेजकडून कन्सेशनचा फॉर्म मिळतो, स्लीपरला ५० टक्के आणि एससी-एसटीला ७५ टक्के सवलत, पण तो ऑफिसमधून आधी घ्यावा लागतो. मेट्रोला विद्यार्थी पासवर ३० टक्के सूट, पीएमपीचा विद्यार्थी पास वेगळा. रोज एकच रूट असेल तर पास, नाहीतर सुट्टं तिकीट, साधा हिशोब.

पुस्तकं नवी घेऊच नका. अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात आणि सेमिस्टर संपल्यावर तिथेच परत विकता येतात. त्याहून सोपं म्हणजे सीनियरला गाठा, लोकल ऑथरची पुस्तकं आणि मागचे पेपर फुकटात मिळून जातात. कॉलेजची बुक बँक असेल तर पहिल्या आठवड्यात नाव द्या. आजारी पडलात तर आधी ससून या सरकारी हॉस्पिटलची ओपीडी, आणि रेशनकार्डची झेरॉक्स रूमवर असू द्या, ॲडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेला तीच लागते.

पायरी १०: तरीही कमी पडलं तर कर्ज, पण बँकेचंच

इन्स्टंट लोन ॲपवरून दोन-तीन हजार घेऊ नका. आधी कापून देतात, आठवड्यात परत मागतात आणि कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना फोन जातात, मामापासून सरांपर्यंत.

एज्युकेशन लोनची लोकांना विनाकारण भीती वाटते. साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता देण्याची बँकांची योजना आहे, ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, आणि हप्ते कोर्स संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. लोनमध्ये फीसोबत हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप पण धरता येतं, हे बँकेत कोणी स्वतःहून सांगत नाही, तुम्ही अर्जात लिहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या साधारण ८६० निवडक संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज त्यात असेल तर विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना व्याजात ३ टक्के सवलत. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनच करा, म्हणजे मॅनेजरने "आमच्याकडे नाही होत" म्हटलं तरी अर्जाचा नंबर तुमच्याकडे राहतो आणि नकार दिला तर कारण द्यावं लागतं. एकदम सगळं उचलू नका, दर वर्षी लागेल तेवढंच काढा, व्याज काढलेल्या रकमेवरच चढतं.

दुसऱ्या वर्षाला महाडीबीटीवर नवीन प्रोफाइल काढायचं नाही, त्याच लॉगिनवर रिन्यूअल करायचं, दोन प्रोफाइल झाले की दोन्ही अडकतात. एटीकेटी लागली (विषय राहिला) असेल तर ज्या योजनेचा लाभ घेताय तिची पास होण्याची अट क्लार्कला विचारून घ्या, प्रत्येक योजनेचं वेगळं आहे. आणि मे महिन्यात गावाला जाल तेव्हा एक वर्षाचा दाखला काढला असेल तर नवा उत्पन्नाचा दाखला काढूनच परत या, जूनमध्ये सेतूत बारावीवाल्यांची रांग लागलेली असते.